घरदुरुस्ती: सगळं एका कॉन्ट्रॅक्टरला द्यावं की माणसं आपणच लावावीत?

शेवगा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. 'घर पाहावं बांधून' हे कोणीतरी लिहिणारच, म्हणून मीच आधी लिहून टाकते. आता मुद्द्यावर.

पुण्यात कर्वेनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दुसरा मजला, इमारत १९९४ची, लिफ्ट नाही, कार्पेट ६४० चौरस फूट. सासऱ्यांनी घेतल्यापासून रंगापलीकडे काही झालेलं नाही. खालच्या काकूंच्या छताला आमच्या मोरीच्या कडेला डाग पडलाय. मागच्या पावसाळ्यात ताटलीएवढा होता, आता परातीएवढा झालाय. काकू चांगल्या आहेत, भांडत नाहीत, फक्त दर रविवारी त्याचा फोटो पाठवतात. आता सोसायटीचं पत्रही आलंय.

तर एवीतेवी फोडायचंच आहे म्हणून यादी वाढली: दोन्ही बाथरूम, आतले गंजलेले लोखंडी पाइप, ओटा, पूर्ण वायरिंग, खिडक्या, थोडं सुतारकाम, रंग. एका कॉन्ट्रॅक्टरने येऊन तासभर पाहिलं, टेप लावली आणि संध्याकाळी व्हॉट्सॅपवर एका ओळीचा मेसेज टाकला: 'टोटल काम विथ मटेरियल लमसम ७,८०,०००'. नवऱ्याने एक्सेलमध्ये प्रत्येक कामाचा माणूस वेगळा धरून हिशेब मांडला, तो ६,१०,००० येतोय. त्याचं म्हणणं, १,७०,००० रुपये फक्त फोन करायचे द्यायचे का?

फोन कोण करणार हे एक्सेलमध्ये नाही. ते मी करणार. माझं ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघा बदललेला, त्यामुळे धुळीत राहणं शक्य नाही. जवळच २२,००० भाड्याने फ्लॅट बघितलाय. काम जितके महिने, तितकं भाडं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.


खारी_बिस्कीट | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय आहे, फक्त कॉन्ट्रॅक्टरच्या जागी नवऱ्याचा मावसभाऊ आहे, त्यामुळे निर्णय आधीच झालेला आहे.


मु_पो_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ८:१२

मी २०२२मध्ये सगळी माणसं स्वतः लावली. तुमच्या मिस्टरांचं एक्सेल माझ्याकडेही होतं, रंगीत होतं.

पैसे वाचले, खोटं कशाला बोलू? साधारण लाखभर वाचले. अडीच महिन्यांचं काम पाच महिने चाललं आणि माझ्या सहा पूर्ण आणि एकोणीस अर्ध्या रजा गेल्या. पण खरी गंमत पुढेच आहे. काम संपून पाच महिने झाले आणि बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली.

प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, माझी लाइन टेस्ट केलेली होती, फरशीवाल्याने टाइलांच्या फटींत ग्राउट भरलं नाही. फरशीवाला म्हणाला, मी काय करू, खालच्या कोब्यालाच (फरशीखालच्या सिमेंटच्या थराला) उतार नाही, पाणी कोपऱ्यात उभं राहतं. गवंडी म्हणाला, कोबा मी बरोबर दिला होता, तुमच्या प्लंबरने नंतर फोडून नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) सरकवला.

साहेब, तिघंही खरं बोलत होते. ट्रॅप सरकवायला मीच सांगितलं होतं, कारण बायकोला वॉशिंग मशीनची जागा बदलायची होती. गवंड्याला परत बोलावून त्यावरून पुन्हा वॉटरप्रूफिंगचा हात द्यायला हवा, हे मला कोण सांगणार? ते सांगायचं काम ज्याचं, तो माणूस मीच होतो आणि मी बँकेत नोकरी करतो.


तिखटजाळ | मंगळवार, सकाळी ९:३०

कॉन्ट्रॅक्टर म्हणजे पांढऱ्या गाडीतून येणारा दलाल. येतो, मिस्त्रीला दोन शिव्या घालतो, चहा पितो, जातो. माझ्या बहिणीकडून एकाने काम सुरू व्हायच्या आधीच ६० टक्के घेतले, दोन्ही संडास फोडून ठेवले आणि गणपतीला गावी गेला तो दसऱ्याला उगवला. पाच माणसांचं कुटुंब शेजाऱ्यांच्या संडासात जात होतं. लेबर रेटवर माणसं लावा, माल स्वतः आणा, प्रश्न संपला.


लिंबलोण | मंगळवार, सकाळी ९:४१

+१. आणि माल आणताना रविवार पेठेत... बाकी सगळे बोलतीलच.


ओळंबा | मंगळवार, दुपारी १:१५

मी साइटवर चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल.

शेवगाताई, तुमचा प्रश्न 'कॉन्ट्रॅक्टर हवा की नको' असा मांडला की उत्तर मिळणार नाही. आधी हे बघा की कोणती कामं एकमेकांच्या पोटात शिरलेली आहेत. रंगारी आणि खिडकीवाला यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. रंग वाईट झाला तर रंगाऱ्याला पकडता येतं. पण बाथरूममध्ये तोडफोड, ड्रेनेजची लाइन, नळाची लाइन, वॉटरप्रूफिंग, कोबा, फरशी ही एकावर एक चढलेली सहा कामं आहेत आणि शेवटी दिसते फक्त फरशी. गळती सुरू झाली की दोष त्या सहांच्या मधल्या सांध्यात असतो आणि सांध्याचा मालक कोणी नसतो. डोंबिवलीकरांच्या तिघांचं तेच झालं. कॉन्ट्रॅक्टरला आपण जे जास्तीचे पैसे देतो ते त्या सांध्याचे. फोन करण्याचे नव्हेत.

दुसरं म्हणजे, लमसम हा शब्द कानावर पडला की खिसा सांभाळा. कॉन्ट्रॅक्टर लबाड असतो म्हणून नव्हे. लमसममध्ये काय धरलंय हे दोघांच्या डोक्यात वेगळं असतं म्हणून. त्यांच्याकडून आयटमवार दर मागा. फरशी आणि गिलावा चौरस फुटावर किंवा ब्रासवर (शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. वाळूचा ब्रास मात्र शंभर घनफूट, तिथे गल्लत करू नका), ओटा रनिंग फुटावर (म्हणजे लांबीवर), लाइटचे पॉइंट नगावर. आणि टाइलचा 'बेसिक रेट' विचारा. त्यांनी ४५ रुपये फूट धरला असेल आणि तुम्ही दुकानात जाऊन ८५ची टाइल पसंत केली तर वरचे चाळीस तुमचे. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

तिसरं, बाथरूमपुरतं. या तीन गोष्टी कोणीही काम केलं तरी स्वतः उभं राहून बघा. एक, नवी नळाची लाइन भिंतीत पुरण्याआधी हातपंप लावून प्रेशर टेस्ट. संध्याकाळी गेजचा काटा जिथे आहे तिथे सकाळी असला पाहिजे. दोन, जुना कोबा पूर्ण उपसून खालच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा. तो भिंतीवरही निदान फूटभर चढवायचा आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर. मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, अठ्ठेचाळीस तास. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा. तीन, फरशीचा उतार. शंभराला एक, म्हणजे पाच फुटांच्या बाथरूममध्ये पाऊण इंचाला थोडं कमी. गोटी टाकून बघा, कुठे पळते ते.


शेवगा | मंगळवार, रात्री ९:२०

ओळंबाकाका, खूप आभार. तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. नवऱ्याने सांध्यावरचा परिच्छेद दोनदा वाचला आणि एक्सेल बंद केलं. म्हणजे मिनिमाइज केलं.

कॉन्ट्रॅक्टरला आयटमवार मागितलं. पहिली प्रतिक्रिया: 'ताई, विश्वास नाही का?' मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच मागतेय, नसता तर फोनच केला नसता. मग वहीच्या पानाचा फोटो आला. अकरा ओळी. त्यातली एक ओळ जशीच्या तशी: 'सॅनिटरी - चांगल्या कंपनीचं'. दुसरी: 'इतर किरकोळ - ६५,०००'.

किरकोळ!

आणखी एक राहिलंच. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढून ओपन किचन करावं असं आमच्या मनात आहे. तो म्हणतो 'काढून टाकू, एका दिवसाचं काम'.


ओळंबा | मंगळवार, रात्री ९:३४

त्या भिंतीला आत्ता हात लावू नका.

ती साडेचार इंची आहे की नऊ इंची? वर बीम आहे का? १९९४ची तीन-चार मजली इमारत बहुधा आरसीसी फ्रेमची (वजन खांब-बीमवर, भिंतींवर नाही) असेल, पण 'बहुधा'वर भिंत पाडत नाहीत. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघेल, लेखी देईल. ते पत्र जोडून सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची. मग बघू. जुलै २०१७मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली, सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 'एका दिवसाचं काम' म्हणणाऱ्याला तो दिवस कसा असू शकतो हे माहीत नसतं.

तुमची इमारत आता तिशी ओलांडलेली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालंय का ते सेक्रेटरींना विचारा. झालं असेल तर तो अहवाल आधी वाचा.


ठेकेदाराचा_मुलगा | मंगळवार, रात्री ११:५०

इतकी वर्षं इथे फक्त क्रिकेटच्या धाग्यांवर लिहितो, पण तिखटजाळ यांचं वाचून राहवलं नाही. माझे वडील पंचवीस वर्षं हेच काम करतात. गाडी पांढरी आहे, हे मान्य.

आता दुसरी बाजू. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सिमेंटची प्रत्येक गोणी आणि टाइलची प्रत्येक पेटी माणसाच्या डोक्यावरून जाते आणि राडारोडा गोण्यांत भरून त्याच जिन्याने खाली येतो. सोसायटी सांगते काम दहा ते सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी सुट्टी. म्हणजे फोडायचा ब्रेकर दिवसाला सहा तास चालणार आणि बिगाऱ्याला हजेरी पूर्ण द्यावी लागणार. हे एक्सेलमध्ये कोणी धरत नाही. आणि ग्राहक! टाइल लावून झाल्यावर 'हा रंग दुकानात वेगळा दिसत होता' म्हणणारे ग्राहक मी लहानपणापासून बघतोय.

चांगला मिस्त्री सुट्या कामाला तुमच्याकडे टिकत नाही, हेही लक्षात घ्या. तुमचं काम बारा दिवसांचं. आमच्याकडे त्याला वर्षभर काम असतं. मधे आमच्याकडून फोन आला की तो तुमचं बाथरूम अर्धं सोडून येतो. वाईट वाटतं, पण असंच चालतं.

एक फुकटचा सल्ला: होळीच्या आधी फोडाफोडी, प्लंबिंग आणि पहिली पाणीचाचणी उरकेल असं बघा. फरशीवाले बरेचसे उत्तरेकडचे आहेत, होळीला गेले की पंधरा दिवस धरून चाला. 'आठ दिवसांत येतो' म्हणतात. येत नाहीत.


तिखटजाळ | बुधवार, सकाळी ७:५५

वडील ६० टक्के ॲडव्हान्स घेतात का ते पण सांगा.


ठेकेदाराचा_मुलगा | बुधवार, सकाळी ८:२०

नाही. पण वीसच्या खाली कामाला हात लावत नाहीत. मागे एका ग्राहकाने फरशी पूर्ण झाल्यावर उरलेले दीड लाख बुडवले, तेव्हापासून.


बे_एरियातली_मावशी | बुधवार, सकाळी १०:३०

आमच्याकडची गंमत सांगते. कॅलिफोर्नियात हजार डॉलरच्या वरच्या कामाला कॉन्ट्रॅक्टरकडे राज्याचं लायसन्स लागतं (२०२४पर्यंत ही मर्यादा पाचशे होती). लायसन्सचा नंबर संकेतस्थळावर टाकला की त्याच्यावर कारवाई झालीय का, विमा आहे का, सगळं दिसतं. आणि घरदुरुस्तीत सुरुवातीला घ्यायच्या पैशांवर कायद्याचीच मर्यादा आहे: कामाच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यातलं जे कमी असेल ते. साठ टक्के ॲडव्हान्स मागितला तर तो गुन्हाच.

पण इथेही सगळं गोड नाही. जनरल कॉन्ट्रॅक्टरने तुमच्याकडून पैसे घेतले आणि त्याच्या प्लंबरला दिले नाहीत, तर प्लंबर तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे द्यायची वेळ. म्हणून आम्ही प्रत्येक हप्त्याच्या वेळी खालच्या माणसांकडून 'पैसे मिळाले' अशी सही घेत होतो. एक बाथरूम, चार महिने. नवऱ्याने यूट्यूब बघून स्वतः टाइल लावायची धमकी दिली होती. ती टाळली, हेच त्या कॉन्ट्रॅक्टरचं माझ्यावर मोठं ऋण.


हिशेबी | बुधवार, दुपारी ३:०५

पुण्यात लायसन्सचं असं काही नाही, त्यामुळे कागद हाच आपला आधार. मी सीए आहे, मोजकंच लिहितो.

माल आणि मजुरी एकत्र दिलेल्या कामावर जीएसटी १८ टक्के. त्यामुळे ७,८०,००० हा आकडा करासकट की कराशिवाय हे आजच लेखी विचारा. शेवटच्या दिवशी 'बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के' ऐकायची वेळ येते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी बंधनकारक नाही. मग त्याने वेगळा जीएसटी लावायचाही नाही.

पैसे बँकेतूनच द्या. साध्या कागदावर दोघांच्या सह्या असलेला करार असला तरी पुरतो. काम फसलं तर ही सेवेतली त्रुटी धरून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पन्नास लाखांपर्यंत मोबदल्याचं काम असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथे 'ते तोंडी ठरलं होतं' याला फारसं वजन येत नाही. वहीच्या पानाचा फोटोही जपून ठेवा.

आणि खालच्या काकूंचा खर्च: बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा दुरुस्ती खर्च उपविधींनुसार ज्याच्या फ्लॅटमधून गळतंय त्याचा. सोसायटीकडे बघू नका.


वायरमन_नाही | बुधवार, सायंकाळी ६:४०

वायरिंगबद्दल कोणी बोललंच नाही. लाइटला दीड चौरस मिलिमीटरची, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, गीझर आणि एसीला चारची वायर, हे करारात लिहून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या घरात ती नसतेच आणि जी माणसं बाथरूममध्ये गीझर लावतात त्यांना ती हवीच.

अजून एक. गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप उघडून भिंतीला लावून, म्हणजे आकडे दिसतील. दोन वर्षांनी टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल मारताना मला तो फोटो कामी आला. आमच्या शेजाऱ्यांकडे फोटो नव्हता. त्यांच्याकडे कारंजं झालं.


खारी_बिस्कीट | बुधवार, रात्री १०:१५

हा धागा मावसभावाला पाठवला. त्याचं उत्तर: 'वहिनी, आपल्यात करार कसला?'


शेवगा | दहा दिवसांनी, रविवार, दुपारी १२:२५

अपडेट. आणखी दोघांकडून दर घेतले. एकाने आमचं घर न बघताच फोनवर आकडा सांगितला. दुसरा मात्र चालू असलेलं काम दाखवायला बाणेरला घेऊन गेला. ते मला फार पटलं. पूर्ण झालेल्या घराचे फोटो कोणीही दाखवेल, अर्धवट बाथरूम दाखवायला धाडस लागतं. त्याच्या मिस्त्रीने माझ्यासमोर एका टाइलवर नाणं वाजवलं, आवाज पोकळ आला आणि न सांगता ती काढली. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या पातळ रबडीवर ती धरत नाही, तिला ॲडहेसिव्हच लागतं, हेही त्यानेच समजावलं.

तर ठरलं असं. फोडाफोडी, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, ओटा आणि वायरिंग हे सगळं बाणेरवाल्याला. आयटमवार, करासकट, ४,६०,०००. खिडक्या, सुतार आणि रंग आम्ही लावणार: ५५ हजार, १ लाख ३० हजार आणि ८५ हजार. एकूण ७,३०,०००. भिंत काढायचं रद्द. इंजिनिअर म्हणाले वर बीम आहे, काढता येईल, पण ऑडिटच्या अहवालात त्याच बीमला तडा नोंदवलाय. सासूबाई म्हणाल्या, 'बरं झालं, फोडणीचा वास हॉलमध्ये कशाला?'

पैसे: सुरुवातीला १० टक्के. फोडाफोड आणि पाइपांची प्रेशर टेस्ट झाल्यावर २५. पाणी भरून दोन्ही चाचण्या झाल्यावर २५. फरशी संपल्यावर ३०. आणि उरलेले १०, म्हणजे ४६,०००, आम्ही राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी. शेवटच्या अटीवर तो अडला. म्हणाला, एवढ्यासाठी माझे पैसे कशाला अडकवता? मी काकूंच्या छताचा फोटो दाखवला. तो बराच वेळ फोटो बघत राहिला आणि म्हणाला, ठीक आहे, लिहा.


ठेकेदाराचा_मुलगा | रविवार, दुपारी १:४०

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले दहा टक्के ॲडव्हान्सवर काम घेणारा एकतर फार चांगला आहे किंवा त्याच्याकडे सध्या काम नाही. होळीचं विसरू नका.


ओळंबा | रविवार, दुपारी ४:००

उत्तम. फक्त जादा कामाचं एक कलम घाला: लेखी दर आणि तुमचा होकार आल्याशिवाय जादा काम धरलं जाणार नाही. व्हॉट्सॅपवरचा होकार चालेल.


शेवगा | एप्रिल अखेर, शनिवार, रात्री ९:५०

राहायला आलो. जरा घाईत लिहितेय.

होळीला फरशीवाले गेले. आठ दिवस म्हणाले, सतरा दिवसांनी आले. भाडं तीन महिन्यांचं गेलं. सुताराने ट्रॉल्यांची मापं ओटा बसायच्या आधी घेतली, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं, आणि ग्रॅनाइट बसल्यावर सिंकखालची ट्रॉली पाऊण इंचाने अडली. सुतार म्हणाला, ओटेवाल्याने पुढे घेतला. बाणेरवाला म्हणाला, माझं ड्रॉइंग आधी दिलेलं होतं. मी काहीच म्हटलं नाही. तो सांधा माझा होता. ४,००० रुपये.

जादा कामं एकूण ३८,००० (टाइलचा फरक, दोन जास्तीचे पॉइंट, ती ट्रॉली). सगळ्यांचा व्हॉट्सॅपवर होकार आहे. म्हणजे एकूण ७,६८,०००. लमसमवाल्याच्या आकड्यापेक्षा बारा हजार कमी. नवऱ्याने हे एक्सेलमध्ये टाकलं नाहीये.

आता मोरीचं. पहिला वॉटरप्रूफिंगचा थर झाल्यावर पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मिस्त्री दोघं उकिडवे बसून बघतोय, तर पाणी रेघेच्या बोटभर खाली. मिस्त्री म्हणाला, बाष्प होऊन गेलं असेल. बाणेरवाल्याला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, चपला काढून पाण्यात उतरला आणि पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो तिथे बोट फिरवत राहिला. काही बोलला नाही. पाणी उपसायला लावलं, पाइपच्या भोवतीचं सगळं छिन्नीने खरवडून काढलं, परत भरलं, परत थर दिला. चार दिवस गेले. जादा पैसे मागितले नाहीत. मीही विषय काढला नाही. वेगळा प्लंबर आणि वेगळा वॉटरप्रूफिंगवाला असता तर त्या बोटभर पाण्यावर काय संवाद झाले असते ते डोंबिवलीकर सांगतील.

दुसऱ्यांदा रेघ जिथल्या तिथे राहिली.


मु_पो_डोंबिवली | शनिवार, रात्री १०:०२

'बाष्प होऊन गेलं असेल' हे मलाही सांगितलं होतं हो. मी मानलं होतं.


लिंबलोण | शनिवार, रात्री १०:३०

अभिनंदन! बाणेरवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करणार का?


शेवगा | शनिवार, रात्री १०:४५

करते, पण जूनअखेरीस. त्याचे ४६,००० अजून माझ्याकडे आहेत. काकूंचा फोटो मागच्या रविवारी आला नाही, म्हणून मीच खाली जाऊन बघून आले. डाग तसाच आहे, पण हात लावला तर कोरडा लागतो. काकू म्हणाल्या रंग मात्र तुम्हीच द्यायचा. आमच्या रंगाऱ्याला विचारलंय, तो सोमवारी येतो म्हणाला आहे.


खारी_बिस्कीट | शनिवार, रात्री १०:५८

आमचा मावसभाऊ पण सोमवारीच येतो म्हणालाय. कुठला सोमवार ते सांगितलं नाही.